अंबाडीचे देठ

मी अकोल्यात पोलिसांची गाडी चालवतो. कोणी जिवाचं बरंवाईट करेल असा फोन आला की समुपदेशक मॅडम सोबत येतात. गल्लीच्या तोंडाशीच सायरन बंद करायला लावतात आणि दारात चपला काढून भुईवर बसतात.

परवा एका बाईने रडत आतून कडी लावून घेतली होती. साहेब दार तोडायला निघाले, तर मॅडम तिच्या खिडकीसमोर, अंगणात अर्धवट निवडून पडलेली अंबाडीची भाजी निवडत बसल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "देठासकट काहून निवडून राहिल्या वो? कोन खाईन ते?"

"मंग तुमीच दाखवा न बाई."

कडी निघाली.

परतताना मी म्हटलं, "मॅडम, भारी युक्ती केली."

ओढणीला हात पुसत त्या म्हणाल्या, "युक्ती कायची दादा, मले खरंच निवडता येत नाही."