उठतानाचा अंधार

"अजी, मिरगीची पोरगी गळ्यात पडली आपल्या! उद्या तलावात कोसळली तर?" शामकलाची सासू सुमित्राबाई ओसरीत तडतडत होती.

"मिरगी का रोवणीची वाट पाह्यत बसते?" सासरा बिसराम म्हणाला. "चुलीपाशी कधी पडली का थे?"

"मले नका शिकवू. आणखी एकदा पडली, का धाडा तिले माहेरी."

भिंतीआड शामकला सगळं ऐकत होती. नवेगाव बांधाच्या त्या कोहळी शेतकऱ्याच्या घरातून तिचा नवरा उदाराम बंगालकडे रेल्वेच्या कामाला गेला, तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा.

तिच्या पडण्याचं असं होतं. रोवणीत चिखलात वाकून दिवसभर भाताचे परे लावायचे आणि कंबर सोडवायला झटकन उभं राहिलं, की डोळ्यांपुढे अंधार. तो बाकीच्या बायांनाही येई; त्या पावसाला शिव्या देत सावरत. शामकला सावरत नसे. त्या अंधारात, कानात सूं होत असताना, उदारामची हाक येई, "शामा, चाल ना." अगदी मानेपाशी. तेवढ्यासाठी ती मुद्दाम झटक्यात उठे. नवऱ्याला भेटायची दुसरी काही सोय सरकारनं केली नव्हती.

झगड्याच्या दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा पडली. बायांनी काखेत धरून बसवली, कांदा हुंगवला, शुद्ध येईना. तेवढ्यात शेजारच्या भाताच्या बांधीतून म्हातारी सुईण शांतीबाई ओरडली, "बसवून कायले मारता वं तिले? उताणी निजवा, पाय धुऱ्यावर ठेवा! रगत सारं पायात उतरलं, डोक्यात चढून नाही राह्यलं."

पाय बांधाच्या धुऱ्यावर उंच केले, तशी शामकलानं डोळे उघडले.

"मिरगी नोहे, मी सांगतो तुया सासूले," शांतीबाई म्हणाली. "पण तू अशी झटक्यानं काऊन उठतेस? आधी उकिडवी बस, दम घे, मग उभी राहा."

"मंग ते नाही येत," शामकला पुटपुटली.

म्हातारीला कळायला वेळ लागला नाही. "अन् तू माहेरी गेल्यावर थो खराच आला, तर दारात कोण राहीन वं बाई?"

तेव्हापासून शामकला हळू उठू लागली. अंधार गेला, हाकही गेली. उभी राहिल्यावर ती जराशी थांबून कान देई; बेडकं तेवढी ओरडत. घर सुटलं नाही. उदारामही आला नाही. सासूसासरे गेले, केस पांढरे झाले.

गोरे साहेब देश सोडून जाऊन राहिले असं लोक बोलत होते, त्या पावसाळ्यात ती वारली. वारली त्या दिवशी दुपारीही ती बांधीवर पेजेचं मडकं घेऊन आली होती. बायांना पेज वाढली, आणि नेहमीसारखा उदारामच्या वाट्याचा एक द्रोण भरून पळसाच्या पानानं झाकून धुऱ्यावर ठेवला. रिकामं मडकं डोक्यावर घेऊन ती घराकडे वळली, तेव्हा तो द्रोण एका बाईनं पिऊन टाकला. पेज वाया घालवायची रीत आमच्याकडे नाही.