वडीगोद्रीची अख्खी घोंगडी

हिवाळा लागला की वाचक विचारतात, जालन्याकडे दोन दिवसांत काय बघावं? यंदा उत्तर म्हणून सत्तरच्या दशकातला एक प्रवास सांगते. तेव्हा जालना जिल्हा वेगळा झाला नव्हता, आणि मी नुकतीच रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन, आपल्याला सगळं कळतं अशा थाटात वावरत होते.

बाबा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस बोलून दाखवली, अख्खी घोंगडी. लहानपणी वडीगोद्रीत चौघा भावंडांत मिळून एकच होती. बाबा शिकायला औरंगाबादच्या वसतिगृहात निघाले तेव्हा आजीने ती मधोमध कापून अर्धी त्यांना दिली. तिच्यात पाय झाकले तर खांदे उघडे पडायचे, हे आम्ही शंभरदा ऐकलं होतं. शेवटी त्यांनी गावातल्या विणकराला निरोप धाडला.

बाबांनी आणि मी जालन्याहून सकाळची एसटी धरली. अंबडला गरम भजी आणि चहा झाला, दोघांचं मिळून रुपयाच्या आत. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी बाबांचा वर्ग घ्यायला लागले. कापूस, लोकर, डिंक, सगळ्या लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. कापसात साखरेच्या, लोकरीत प्रथिनांच्या. बाबांनी शांतपणे विचारलं, थंडीला दोन्ही चालतं ना? झालं तर मग.

विणकर सखाराममामा बाबांच्या शाळेतले सोबती. आमची घोंगडी मागावरून उतरत होती. बाहेर अंगणात मामी पुढच्या घोंगडीच्या ताणलेल्या धाग्यांवर कुंच्याने खळ फिरवत होत्या. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवलेली ती चिकट खळ लावली की धागा तुटत नाही. मी पुन्हा तोंड उघडलं. ही खळसुद्धा साखरेच्याच साखळ्यांची, कापसाची चुलत बहीण. मामी हसल्या आणि काम करत राहिल्या.

मामांनी घोंगडी बाबांच्या खांद्यावर टाकली. काळीभोर, टाचांपर्यंत. बाबा नुसता काठ चाचपत राहिले. मग मामा माझ्याकडे वळले.

"पोरी, खळ हाये तवर टोचन. टोचू दे. दोन हिवाळे अंगावर गेले की बराबर नरम पडती. गरम पाण्यात बिलकुल घालू नको."

दुसऱ्या दिवशी ट्रकने शहागडला गेलो. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. गोदावरीत धनगर मेंढ्या धूत होते, कातरायच्या आधी धुवावंच लागतं. कडेच्या खानावळीत झणझणीत पिठलं-भाकरी खाल्ली. बाबांनी जेवतानाही घोंगडी खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर चार दिवसांत बाबांची मान लाल झाली. ते तक्रार करेनात, मला बघवेना. दोन हिवाळे कशाला थांबायचं? कोऱ्या सुती मांजरपाटाची खळ आई धुण्याच्या उकळत्या सोड्यात काढायची. बाबा बाजारात गेलेले पाहून मी बंब पेटवला आणि घोंगडी घमेल्यात कढत सोड्याच्या पाण्यात बुडवली. खळ निघाली, पण लोकरही गेली. प्रथिनांच्या साखळ्या सोडा खाऊन टाकतो, हे मी पेपरात लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. बंबाशेजारच्या घमेल्यातून आटलेलं, जाड, विटकं काहीतरी बाहेर आलं, आणि मी तिथेच बसून रडले.

बाबा आले. पिळलेली घोंगडी त्यांनी स्वतः वाळत घातली. दुपारी ती पांघरून आडवे झाले. पाय उघडेच राहिले. मी दारात उभी होते.

"रडून राह्यली कशाला?" ते म्हणाले. "होस्टेलात हेच माप होतं. मला याच्यातच झोप लागती."

मामांना त्यांनी हे कधी कळू दिलं नाही. भेटले की घोंगडी झकास आहे म्हणून सांगायचे.

तर वडीगोद्रीकडे गेलात आणि हाताने विणलेली घोंगडी मिळाली, तर घ्या. थंड पाण्यात धुवा, आणि टोचते म्हणून घाई करू नका. पुढे मी तीस वर्षं मुलांना या साखळ्या शिकवल्या. सोड्याचा प्रयोग मात्र दरवेळी दुसऱ्या बाईंना करायला सांगितला.

बाबा गेल्यावर भावंडांनी वाटणीत काय हवं विचारलं, तेव्हा मी तीच मागितली. थंडीत रोज घेते. पाय झाकले तर खांदे उघडे पडतात.