नवंकोरं दावं

पवना नदीतल्या एका बेटावर चार-पाच घरं होती आणि तिथली गुरं कुणी कधी बांधतच नसे. तिथली एक बाई पिंपरीला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत दूध घालायची. "ताजं आहे ना?" असं विचारलं, की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मी काय शिळी दिसते व्हय?" तिची तांबडी गाय तिच्यामागोमाग नदी पोहून यायची आणि वसाहतभर हिंडायची.

एकदा त्या गाईनं मोठ्या साहेबांच्या बागेतला सगळा कोबी फस्त केला. साहेब बाईवर कडाडले, "गाय बांधून ठेव, नाहीतर कोंडवाड्यात घालीन!" माळ्याकडून नवंकोरं दावं आणवून त्यांनी तिच्या हातात दिलं.

तिनं ते ओढून पाहिलं. "झ्याक हाय," म्हणाली आणि चालू लागली. ही इतक्यात नमेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर निघाले, तर बागेचं फाटक उघडेना. बाहेरून तेच दावं करकचून बांधलेलं होतं. बाई चरवी घेऊन समोर उभी.

"गाय कशाला बांधू, साहेब? उघडं तर तुमचं फाटक ऱ्हातंय."

साहेब आतून गाठीशी झटत होते आणि गाय बाहेर निवांत रवंथ करत उभी होती.