जीप आणि नसलेलं हरीण

हरीण आडवं आलं म्हणून जीप घसरली, असं मी सगळ्यांना सांगितलं. हरीण नव्हतंच, हे आज पहिल्यांदा लिहितोय. तेव्हा मी जर्मनीत पीएचडी करत होतो. संस्थेची फोर-व्हील ड्राइव्ह जीप चालवायला साधा परवाना पुरायचा. बर्फातला चढ ती सहज चढली. चारही चाकं ओढतात, तर थांबतीलही तशीच, असं धरून मी उतारावर वेग कमी केला नाही. ब्रेक दाबला आणि जीप घसरत झाडावर आदळली. शेजारी झोपलेल्या मित्राचा गुडघा कायमचा गेला.

"हरणाला वाचवलंस रे पुण्यवाना, मला सोडलंस!" तो लंगडत हसतो.

अशा गाड्यांना वेगळा परवाना हवा का, हा वाद निघाला की मी उठून बाल्कनीत जातो. हवाच. पण हरीण नव्हतं, हे त्याला समोर बसून सांगायचं अजून बाकी आहे.