देवाचा खोका

अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गात कुणीतरी हटकून विचारतं, "मॅडम, सगळ्यात कडक स्टँडर्ड कोणतं?" मी फळ्यावर रकाने आखते. सरकारी परवान्याला भिंती, पाणी, कामगारांच्या आरोग्य तपासणीचे दाखले बघायचे असतात. हॅसेप विचारतं, धोका नेमका कुठे शिरतो आणि तिथे पहारा कुणाचा. परदेशी सुपरमार्केटवाल्यांचं स्टँडर्ड तर जन्मजात संशयी. कागद दाखवा म्हणतं, मग त्या कागदाचाही कागद मागतं. वर्ग हसतो. एका मुद्द्यावर मात्र या सगळ्यांचं एकमत आहे: बनलेला प्रत्येक खोका कुठे गेला, ते सांगता आलं पाहिजे. इथे आले की मी खडू खाली ठेवते. पाणी पिते आणि पुढचा मुद्दा घेते.

तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघत होते. नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं बनायची. नागली सुरगाण्याहून यायची आणि पॅकिंगची सुपरवायझर बाईही तिकडचीच होती. तिच्या गावी नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. मालकांनाही ते मनापासून पटलेलं. म्हणून हंगामातली नवी नागली आली की पहिल्या ट्रेमधली बिस्किटं हातानेच पुड्यांत भरायची, खोक्याला हळदकुंकू लावायचं आणि ड्रायव्हरने तो त्र्यंबकला पोचवायचा. मग मेटल डिटेक्टर सुरू व्हायचा, आणि त्यातून निघालेल्या पुड्यांच्या प्रत्येक खोक्यावर एक नंबर पडायचा. देवाचा खोका रजिस्टरमध्ये नसेच. मी एकदा तोंडदेखलं विचारलं होतं. बाई म्हणाली, "देवाला काय नंबर टाकायचा, ताई?" मी हसले. मला ते चक्क गोड वाटलं होतं, आणि त्या गोड वाटण्याचा मला आजही संताप येतो.

त्या वर्षी पूजा झाली, खोका गेला, सकाळचा पहिला टेम्पोही भरून निघाला. मग डिटेक्टर पुड्यामागून पुडे बाजूला ढकलायला लागला. ऑपरेटर म्हणाला, मशीनच बिघडलंय. मी पीठ चाळायची चाळणी उघडायला लावली. जाळी एका कडेने फाटली होती. पिठात तारेचे तुकडे होते, केसासारखे बारीक. इतकी बारीक तार एखाद्या वेळी डिटेक्टरलाही चुकते, म्हणून टेम्पो ओझरपासून परत बोलावला. दुपारपर्यंत एकूण एक खोका आवारात आला. रजिस्टरशी ताळा जुळला. मालकांनी सगळ्यांसाठी चहा मागवला, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःवर खूश होते.

सुपरवायझर बाईने चहाचा कप हातात घेतला नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आन देवाचा, ताई?"

मी चहा तसाच ठेवून बाहेर धावले. ड्रायव्हर तोवर परतला होता. देवळाची रांग फार मोठी होती, म्हणून त्याने खोका देवळाबाहेर रस्त्यावरच फोडला होता. "प्रसाद म्हणून वाटून टाकला मॅडम. एक पुडा उरला नाही." त्याला शाबासकी हवी होती.

"आता काय हाती लागणार?" मालक म्हणाले. तरी मी त्याच गाडीने त्र्यंबकला गेले. प्रसाद घेतलेली माणसं केव्हाच पांगली होती. मी वेड्यासारखी कचऱ्याच्या डब्यांत आमचे रिकामे पुडे शोधत होते. एका फुलवालीने हाक मारली. "ती नागलीची बिस्किटं ना? लय गोड व्हती. मी बी खाल्ली. एका जीपमधली पोरं तर भांडत व्हती त्याच्यावरून."

"कुठली जीप?"

"कोणाला ठावं? गेली कधीच. परत कधी आणताय?"

"आणू," मी म्हणाले.

एवढंच. पोरं गेली होती, पण फुलवाली तर समोर बसली होती. तिला सांगता आलं असतं, की मावशी, त्यात तार असेल, काही दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जा. मी कारखान्याचा विचार केला, नोकरीचा केला, आणि गाडीत येऊन बसले.

पुढे परदेशी स्टँडर्डचं ऑडिट आलं. ऑडिटरने नेमकी त्याच दिवसाची फाइल मागितली. "एकूण खोके किती बनले?" मी रजिस्टरमधला आकडा सांगितला. मालकांनी खाली बघितलं. सुपरवायझर बाई काचेपलीकडे टोपी-मास्क लावून उभी होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. ऑडिटरने आकडे ताडून पाहिले आणि शेरा लिहिला: माल परत बोलावण्याची पद्धत उत्कृष्ट. त्या शेऱ्याच्या जोरावरच पुढे मी स्वतः ऑडिटर झाले.

आता कुठल्याही कारखान्यात गेले, की मी सगळ्यात आधी देव्हारा बघते. देवापुढे काय ठेवलं, कुठून आणलं, नंतर कुणी खाल्लं, असं खोदून खोदून विचारते. लोकांना वाटतं, बाई फारच नास्तिक दिसते. वाटू दे.

त्र्यंबकहून कधीच तक्रार आली नाही. मालक तेव्हा म्हणायचे, "मग झालं तर. कुणाला काही झालं असतं, तर कळलं नसतं का?" मला तेवढं समाधान मिळत नाही. त्या जीपमधलं एखादं पोर रात्री पोट धरून रडलं असेल, तर त्याच्या आईने वडापाववर संशय घेतला असेल, उसाच्या रसावर घेतला असेल, गाडी लागली असेल असंही म्हणाली असेल. प्रसादावर कोण संशय घेतं?