काळ्या रेघांचा नट

"तू विंगेतून बोल. ती स्टेजवर नुसते ओठ हलवन."

सर भर तालमीत म्हणाले. महिनाभर नाटकातली राणी मी करत होते. स्पर्धेला चार दिवस उरले आणि सरांना माझा रंग दिसला. राणीच्या वेशात आता दुसरी, गोरी मुलगी उभी राहणार होती.

"तुयासारखा आवाज कोनाचाच नाई, पोरी. पन रानी काई अशी रायते का? मांगच्या रांगेले तुये दातच दिसतीन."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी भातकुलीची. अमरावतीत फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली. चेहरा कुणाचाही असो, आधी गोरा करायचा. कुणी सांगावंही लागत नाही. मेलेल्यांनाही मी सोडलं नाही. लग्नाच्या बायोडाट्यातल्या माझ्याच फोटोलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. नाटकाच्या फलकावर जगातले मोठे नट हवे होते. त्यातलं एक चित्र एकोणिसाव्या शतकातलं, पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं. काळा माणूस, राजाच्या वेशात. त्याच्या देशात त्याला कुणी रंगमंच देईना, म्हणून समुद्र ओलांडून गेला आणि परमुलखात राजे गाजवले. हे सरच कौतुकानं सांगत होते. मग म्हणाले, "याले जरासा उजय कर. लयच काया दिसून रायला."

सवयीनं हात चालला. उजेड वाढवला. कपाळ गेलं. गाल गेले. दोन डोळे आणि कॉलर तेवढी उरली. तो माणूस रेघांचाच होता. काळ्या, केसाएवढ्या बारीक. रेघ गेली की खाली कोरा कागद. आत दडलेला गोरा माणूस वगैरे कुणी नव्हताच.

किती जणांना मी असं पुसलं असेल! मी त्याला होता तसा परत आणला.

"सर, हा असाच छापीन मी. अन् विंगेतून बोलनार नाई."

"अवं, नाटक पडन ना!"

"पडू द्या."

"लय शहानी झाली तू," म्हणत सर तरातरा निघून गेले.

नाटक होईल किंवा पडेल. मला काही वाटत नाही असं नाही. खूप वाटतं. ती राणी माझी होती. पण यापुढे ज्याला माझा आवाज हवा, त्यानं तो माझ्या तोंडासकट घ्यावा.