झिंगे, लसूण आणि सरगुंडे

कापसाचं गणित बिघडलं तशी पुसदमधल्या प्रत्येक बापाला एकच घाई झाली होती: पोराला सरकारी नोकरीत चिकटवायचं. माझे वडील बाजार समितीत कारकून. कापसाच्या गाड्या कशा कमी होत चालल्या, ते रोज डोळ्यांनी बघणारे. मी मात्र नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेणार म्हणून हटून बसलो होतो. शिकून शेवटी आचारीच होणार ना, असं ते एकदाच म्हणाले आणि विषय मिटवला.

वडिलांचा धरणाच्या झिंग्यांवर भारी जीव. म्हणून मी ठरवलं, बोलून जमत नाही ते ताटातून सांगावं. झिंगे घातलेला पास्ता आणि लसणाचा सॉस! टीव्हीवर पाहिला होता. पास्त्याचं पाकीट मित्राकरवी नांदेडहून मागवलं. वडिलांना आवडलं तर नागपूर, नाहीतर मुकाट्याने डी.एड.

रविवारी झिंगे आणले, सोलले, पाठीतला काळा दोरा काढत बसलो. आईला म्हटलं, तोवर तेवढा पास्ता शिजव. तिने तो भाताच्या हिशेबाने कुकरला लावला आणि कच्चा राहू नये म्हणून एक शिट्टी जास्तच घेतली. झाकण उघडलं तर आत खळ. निवडणुकीची पोस्टरं चिकटवता आली असती. मला रडूच यायचं बाकी होतं.

फळीवरचा डबा काढून आईने उन्हाळ्यात केलेले सरगुंडे माझ्यापुढे ठेवले. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून वाळवायची आणि उकडून आमरसाबरोबर खायची, हे आमचे सरगुंडे. मी पाकिटावरचं चित्र पाहिलं, मग डब्यात पाहिलं. सख्खे चुलत भाऊ! मला हसू आवरेना.

लोण्यात भरपूर लसूण मंद आचेवर परतला. झिंगे लाल झाले तशी साय, मिरी, लिंबू आणि उकडलेले सरगुंडे. आई तिखटाचा डबा घेऊन आली, तिला परत पाठवलं. ती पुन्हा आली.

पांढरं ताट बघून वडिलांनी विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? मग एक घास घेतला आणि बोलणं थांबलं. जवसाची चटणी ताटात तशीच राहिली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. यात काय काय टाकलं, तेही त्यांनी मला विचारलं. मी मनातल्या मनात नागपूर गाठलं. तेवढ्यात ते म्हणाले,

"हे तं घरचेच सरगुंडे होय. मंग हे शिकाले नागपूरले कायले जातं?"

घ्या, जिंकता जिंकता हरलो. पण आई बोलली.

"इतके वर्स म्या तुमाले सरगुंडे खाऊ घातले. त्यात काय टाकलं, तुमी कधी इचारलं नाही. पोरानं केलं तं इचारलं. जाऊ द्या त्याले."

आता वडील ताटावरून उठतात, असं वाटलं. त्यांनी ताट आईपुढे सरकवलं, आणखी वाढायला सांगितलं आणि विचारलं, "काडी कायची असते?"

"बरूच्या गवताची," आई म्हणाली. मग ती सांगतच सुटली, आणि वडील ऐकत होते.

नागपूरला ते स्वतः मला घेऊन गेले. एसटी सुटता सुटता आईने खिडकीतून सरगुंड्यांचा डबा आत दिला.

"मास्तरले दाखवजो," ती म्हणाली. "सांगजो, माह्या मायनं केले."